दुम्यातची हवा, खारग्याचं टेबल

सुतारांचे उस्ताद, म्हणजे उस्ता, अबुल-मआती यांना सकाळी न्याहारीला भांडायला कुणीतरी लागायचं. दुकान चालू होतं तोवर प्रश्न नव्हता. कारागीर होते, गिऱ्हाइकं होती, फळ्या उतरवणारे हमाल होते. गुडघे गेले, दुकानाला कुलूप लागलं आणि समोर एकटी इन्शिराह उरली. ती भांडायला उभी राहीना. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापुढे ती एकदाही जिंकली नव्हती, आणि हरण्याची हौस आता तिला नव्हती. शेवटी धाकट्या मुलीने बापाच्या फोनमध्ये एक ग्रुप घालून दिला तेव्हा कुठे घरात शांतता नांदू लागली.

ग्रुपचं नाव 'भुसा'. माणसं साडेआठशे. त्यात खरे सुतार दहाबारा, बाकी सगळे हौशी: बँकेतले कारकून, निवृत्त कप्तान, बाल्कनीत करवत चालवून शेजाऱ्यांच्या शिव्या खाणारे मास्तर. ही मंडळी दिवसभर विचारत असत आणि उस्ता दिवसभर सांगत असत. लिहायच्या भानगडीत ते पडत नसत, कारण त्यांच्या एका बोटाखाली तीन अक्षरं दाबली जात. ते सरळ फोन तोंडाशी धरून बोलत.

"उस्ता, माझा ड्रॉवर अडकतो."

"कोरडा साबण फास. आणि बायकोचे सगळे स्वेटर एकाच ड्रॉवरमध्ये कोंबू नकोस."

"उस्ता, फोटो बघा, हे कुठलं लाकूड?"

"फोटोला वास येत नाही रे बाबा. जरा कापून हुंग, मग विचार."

"रंधा मारला की पृष्ठभाग उचकटतो."

"मग दुसऱ्या बाजूने मार. मांजराला उलटं कुरवाळलं तर तेसुद्धा ओरबाडतं."

सगळ्या इजिप्तला पलंग, कपाटं आणि नवरीचा दिवाणखाना पुरवणाऱ्या दुम्यातचा हा माणूस. ग्रुपवर वाद पेटला की शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "मआती उस्तांना विचारा." उस्ता निकाल द्यायचे आणि वाद मिटायचा. उस्तांचं कधी चुकत नाही अशी ख्याती होती. खरं सांगायचं तर, चुकलं असं त्यांना पटवून देणारा अजून जन्माला आला नव्हता. पण ख्याती ती ख्याती, आणि गुडघे गेलेल्या माणसाजवळ दुसरं उरतं काय?

या ग्रुपवर खारग्याची एक दातांची डॉक्टर होती. खारगा म्हणजे दूर दक्षिणेचं, वाळवंटाच्या पोटातलं गाव. रावया तिचं नाव, वय पन्नाशीचं. दिवसभर ती लोकांच्या तोंडात वाकून बघायची आणि संध्याकाळी रंध्यावर वाकायची. तिचे प्रश्न नेमके असत, मापं टाकून, क्रमांक घालून. उस्तांना ती आवडायची. म्हणजे ते तिला इतरांपेक्षा जास्त चिडवायचे.

"डॉक्टरीणबाई, लाकडाला भूल द्यावी लागत नाही. बिनधास्त चालवा पटाशी."

"लाकूड ओरडत नाही ना उस्ता, म्हणून तर इथे येते."

तिच्या मुलीचं, जुमानाचं, लग्न ठरलं तेव्हा रावयाने मनात घेतलं की मुलीच्या घरचं जेवणाचं टेबल आपल्या हातचं असायला हवं. दहा माणसं बसतील एवढं, सबंध बीचच्या लाकडाचं. खारग्यात चांगलं बीच मिळेना. उस्तांनी आपल्या बंद दुकानाच्या माळ्यावरच्या आठ फळ्या निवडून काढल्या आणि ट्रकवाल्याच्या हाती पाठवल्या. फळ्या पोचल्या त्या दिवशी तिने उस्तांना खासगीत दोन प्रश्न पाठवले. जोडण्याआधी फळ्या इथे काही दिवस नुसत्या ठेवू का? आणि वरचा तक्ता खालच्या चौकटीला आवळताना स्क्रूला सरकायला थोडी जागा सोडू का?

उस्ता तेव्हा न्याहारीला बसले होते. तोंडात पाव आणि चीज, समोर चहा, मजेत होते. त्यांनी फोन उचलला.

"डॉक्टरीणबाई, हे लाकूड माझ्या माळ्यावर तीन वर्षं निजलंय. अजून किती निजवणार? पांघरूण घालून अंगाई म्हणणार का? उघडा, जोडा, सरस लावा आणि चौकटीला घट्ट आवळा. स्क्रूला जागा सोडा बिडा ही त्या परदेशी व्हिडिओवाल्यांची थेरं. इथे दुम्यातमध्ये आम्ही असलं काही सोडत नाही!"

आणि स्वतःच्याच विनोदावर ते असे खदखदून हसले की चीज घशात अडकलं. तो खोकलासुद्धा व्हॉइसमध्ये गेला.

रावयाने सांगितलं तसं केलं. टेबलाचे फोटो ग्रुपवर आले आणि साडेआठशे माणसांनी वाहवा केली. उस्ता म्हणाले, "हात चांगला आहे." उस्तांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे खूपच झालं. लग्न झालं, टेबल मुलीच्या घरी गेलं.

पुढे पाच आठवड्यांनी, खमासीनचा कोरडा वारा तीन दिवस घोंघावत असताना, जुमानाच्या घरी सासरची मंडळी जेवायला होती. रावयाही होती. मुलुखियाच्या पातळ पालेभाजीचं भांडं नुकतंच मधोमध ठेवलं होतं. एकदम ठो करून आवाज झाला. जुमानाची सासू किंचाळून खुर्चीवरून उठली. तिला वाटलं बाहेर कुणी गोळी झाडली. टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडकलं होतं. भेगेत करंगळी जात होती आणि कलंडलेल्या भांड्यातली मुलुखिया त्या भेगेतून खाली गालिच्यावर ठिबकत होती.

"विहीणबाई," जुमानाची सासू जरा वेळाने म्हणाली, "लोकांचे दात काढता काढता टेबलाचे पण काढलेत म्हणायचं."

सगळे हसले. जावईसुद्धा हसला. जुमाना तेवढी हसली नाही. ती खाली बसून गालिचा पुसत राहिली.

रावयाने दुसऱ्या दिवशी भेगेचा फोटो ग्रुपवर टाकला. काही न लपवता सगळं लिहिलं, सासूच्या टोमण्यासकट, आणि विचारलं, "माझं कुठे चुकलं?"

झालं! ग्रुपला आयतं खाद्य मिळालं. कैरोचा एक इंजिनियर होता, शुकरी नावाचा. घरात सहा यंत्रं आणि प्रत्येक यंत्राबद्दल दहा मतं. तो म्हणाला, "सरस कमी, दाब असमान. चित्रासारखं स्पष्ट आहे." दुसरा म्हणाला, "सरस कसला, दातात भरायचं सिमेंट वापरलं असणार." त्यावर हसऱ्या तोंडांची रांग लागली. तिसऱ्याने लिहिलं, "बाईंनी आपल्या खुर्चीत लाकूड बसवून आ करायला सांगितलं असेल." आणि मग सवयीने कुणीतरी म्हणालं, "उस्तांनीच सांगावं."

उस्तांनी फोटो बोटांनी मोठा केला. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. सरस कमी पडला असता तर सांधा उघडला असता. इथे सांधे जसेच्या तसे होते, घट्ट, सुरेख; भेग फळीच्या अंगातून गेली होती. लाकूड आकसत होतं, खालून चौकटीने त्याला धरून ठेवलं होतं, आणि सरकायला जागा मिळेना म्हणून ते स्वतःच फाटलं होतं. बाईने नेमकं हेच विचारलं होतं. दोन्ही प्रश्न. आणि आपण अंगाई म्हणालो होतो.

साडेआठशे माणसं थांबली होती. त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि स्वतःलाही नीट कळायच्या आत बोलून गेले.

"सरस कमी पडला. आवळायचीही घाई झाली. होतं असं हौशी माणसाच्या हातून."

व्हॉइस गेला. इंजिनियर शुकरीने अंगठा दाखवला.

रावयाने एवढंच लिहिलं: "ठीक आहे उस्ता. लक्षात ठेवीन."

दुसऱ्या दिवशी तिने हत्यारांचा फोटो टाकला. तीन रंधे, पटाश्यांचा संच, सहा शिकंजे, सगळं तेल लावून ओळीने मांडलेलं. खाली लिहिलं होतं: "ज्याला उपयोग होईल त्याने घेऊन जावं. मी थांबते." अर्ध्या तासात चौघांनी हात वर केले. नको, थांबू नका, असं म्हणणारा एकही नव्हता, हे मला सांगायलासुद्धा संकोच वाटतो.

उस्तांना मात्र वेगळीच धास्ती लागली होती. आपला तो व्हॉइस बाईकडे आहे. आज ना उद्या ती तो ग्रुपवर वाजवणार, आणि मग मआतींच्या नावाचा भुसा होणार. दर पाच मिनिटांनी ते फोन बघू लागले. जेवताना बघत, नमाजाआधी हातपाय धुऊन, वजू करून आल्यावर बघत. दोन दिवस झाले, तिने काही वाजवलं नाही. त्यामुळे त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण फोन बघणं काही थांबेना.

"ग्रुपवर कुणी वारलं का?" तिसऱ्या दिवशी सकाळी इन्शिराहने विचारलं.

"कुणी नाही. एका बाईचं टेबल तडकलं."

"कोण, लाकूड निजवू का विचारत होती ती? आणि तुम्ही अंगाई म्हणालात?"

उस्तांनी चहाचा पेला पुढे ओढला.

"मी इथेच पाव शेकत होते, हाजी. तेव्हाच मनात म्हटलं, आपल्या माळ्यावर निजलेलं लाकूड कोरडं कसं असेल? माझ्या बरणीतलं मीठ बारा महिने ओलं असतं. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र."

"तुला काय कळतं लाकडातलं?"

"मिठातलं कळतं." तिने पाव उलटला. "तो अस्वानचा माणूस आठवतो? कपाटाचं दार रजईत गुंडाळून रेल्वेने घेऊन आला होता? दाराला मधोमध भेग. आणि तुम्ही त्याला दुकानाच्या पायरीवरूनच वाटेला लावलंत. म्हणालात, तुम्ही दक्षिणेकडचे लोक लाकूड उन्हात भाजता आणि वर आमच्या नावाने रडता. चहासुद्धा विचारला नाहीत. मला अजून त्याची लाज वाटते."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकता कधी?"

यावर एरवी उस्तांनी तासभर तोंड चालवलं असतं. आज त्यांना एकेक गिऱ्हाईक आठवू लागलं. अस्वानचा तो माणूस एकटा नव्हता. लुक्सोरहून एक जोडपं आलं होतं. सोहागच्या एका मास्तरांनी पत्र लिहिलं होतं. प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं होतं: लाकूड निजलेलं होतं, दोष तुमच्या घरात आहे. लबाडी नव्हती हो त्यात. उस्ता कैरोच्या दक्षिणेला कधी गेलेच नव्हते. जगात सगळीकडे आपल्याच गल्लीतली हवा असते असं त्यांना खरोखर वाटत होतं, आणि त्या हवेत चाळीस वर्षं त्यांचं एकही दार तडकलं नव्हतं. पण परवाचा तो निकाल? ती मात्र लबाडी होती, आणि ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

दुपारच्या नमाजानंतर त्यांनी रावयाला फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"उस्ता? सगळं ठीक ना?"

"हत्यारं गेली का?"

"एक जण शुक्रवारी येतोय. रंधे न्यायला."

"डॉक्टरीणबाई, माझा तो व्हॉइस तुमच्याकडे आहे?"

"आहे."

"मग वाजवला का नाहीत? तिकडे ती पोरं तुमची टिंगल करत होती. मीसुद्धा. मला वाटलं, तुम्ही माझ्यावर राखून ठेवलाय."



"राखून कसला, उस्ता? अकरा वेळा ऐकला मी तो. तुम्ही सांगितलं तसं मी कुठे केलं नाही, ते शोधत होते. सापडेना. मग वाटलं, एवढे सगळे म्हणतायत म्हणजे आपल्याच हातात काहीतरी कमी असणार. तुम्ही तर कधी चुकत नाही."

उस्तांनी डोळे मिटून घेतले. समोर बसून शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मुली," ते म्हणाले. "तू काही चुकली नाहीस. मी चुकलो. दोनदा चुकलो. पहिल्यांदा माहीत नव्हतं म्हणून, दुसऱ्यांदा माहीत होतं तरी. तो व्हॉइस ग्रुपवर टाक."

"मी नाही टाकणार. तुमचं नाव जाईल, उस्ता. बाकीचं तुम्ही सगळं बरोबरच सांगता. उद्या कुणी ऐकणार नाही."

"मग मी टाकतो."

टाकतो म्हणणं सोपं होतं. जुना व्हॉइस एकीकडून दुसरीकडे कसा पाठवायचा हे त्यांना येत नव्हतं, आणि इन्शिराहला त्याहून येत नव्हतं. दोघं गालिच्यावर फोन ठेवून त्यावर ओणवी झाली. पहिल्यांदा तो व्हॉइस गेला मासेवाल्याला. मासेवाल्याने विचारलं, "उस्ता, कुणाला निजवायचंय?" दुसऱ्यांदा तो धाकट्या मुलीला गेला. तिसऱ्या खेपेला ग्रुपवर पडला: अंगाई, हसणं, चीज, खोकला, सगळं. त्याच्यामागे उस्तांनी दुसरा व्हॉइस पाठवला.

"हा माझा आवाज आहे. बाईंनी बरोबर विचारलं होतं, मी त्यांची थट्टा केली. टेबल माझ्या सांगण्याने तडकलं. परवा मी सरसावर ढकललं, ते खोटं होतं. आमच्याकडचं कोरडं लाकूड म्हणजे तुमच्याकडचं ओलं लाकूड. दक्षिणेकडे माझं सामान गेलेलं असेल आणि तडकलं असेल तर तो दोष तुमचा नाही. मी लोकांना दारातून परत पाठवलंय. त्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत."

ग्रुप गप्प झाला. साडेआठशे माणसं एकाच वेळी गप्प बसल्याचं 'भुसा'ने त्याआधी पाहिलं नव्हतं. शेवटी शुकरीने तोंड उघडलं.

"पण उस्ता, सरस थोडा तरी कमी..."

"बाशमुहंदिस, इंजिनियर असशील, पण सरस गेला खड्ड्यात. फोटो मोठा करून बघ, मग बोल."

मग रावयाचा निरोप आला. "रंधे देणार नाही. ज्यांनी हात वर केले होते त्यांनी खाली घ्यावेत. उस्ता, आता या भेगेचं काय करू?"

"उन्हाळाभर तशीच राहू द्या, किती आकसायचं ते आकसू दे. मग भेगेवरून कापा, कडा रंधून पुन्हा जोडा. आणि आवळताना स्क्रूला जागा सोडा." उस्तांनी पुढे विचारलं. "आता तुम्ही मला सांगा. खारग्यात आणलेलं लाकूड किती दिवस निजवायचं?"

"मला नक्की माहीत नाही. दोन फळ्या उरल्यात. दर आठवड्याला वजन करते आणि कळवते. वजन उतरायचं थांबेल तो दिवस धरू."

"धरू," उस्ता म्हणाले. ही युक्ती आपल्याला कधी का सुचली नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

त्यानंतर एकेक निरोप येऊ लागले. दक्षिणेकडच्या मिन्याची एक बाई होती. ग्रुपवर दोन वर्षं होती, पण कधी बोलली नव्हती. "आमचं कपाट दुम्यातचं. दार तडकलं तेव्हा सासरे म्हणाले, मीच दारं आपटते. अकरा वर्षं मी दारं जपून लावतेय." अस्यूतच्या एका दुकानदाराने आपल्या पलंगाचा फोटो पाठवला. वाळवंटातल्या सीवाहून कुणी लिहिलं की त्यांनी दृष्ट लागली म्हणून टेबलच देऊन टाकलं. उस्ता एकेकाला उत्तर देत होते. प्रत्येकाला तेच वाक्य, पण दर वेळी नव्याने बोलून: "तुमचं काही चुकलं नव्हतं."

चहा गार झाला. इन्शिराहने तो नेला आणि दुसरा आणून ठेवला.

संध्याकाळी किना गावाहून एकाचा व्हॉइस आला. बस चालवणारा माणूस होता, मागे रस्त्याचा आवाज येत होता. "उस्ता, माझ्या लग्नातलं कपाट तुमच्याच गल्लीतलं. वर तुमच्या दुकानाचा शिक्का आहे. दार उभं फाटलं तेव्हा माझा थोरला आठ वर्षांचा होता. मला वाटलं, हा त्याला लटकून झोके घेतो. तो म्हणाला, बाबा, मी हात नाही लावला. मला वाटलं खोटं बोलतोय. मी त्याला पट्ट्याने मारलं. खोटं बोलतो म्हणून पुन्हा मारलं. आज तुमचं ऐकलं आणि बस बाजूला उभी केली."

उस्तांनी तो व्हॉइस दोनदा ऐकला. इन्शिराह दारात उभी राहून ऐकत होती. त्यांनी फोन तोंडाशी धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला. दिवसभर म्हणत होते ते वाक्य इथे चालणार नव्हतं.

"मुलगा आता कुठे असतो?" त्यांनी विचारलं. "त्याचा नंबर पाठव. आधी मी बोलतो त्याच्याशी, मग तू बोल."